चहाच्या सुट्टीतली सुमेधा

“उद्यापासून चहा दोन बॅचमध्ये,” आमचे प्लांट हेड खुराना साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल ओढली. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

मी खुर्चीतून हलले नाही. शेवटी त्यांनी मान वर केली.

“सर, शनिवारपर्यंत थांबू या,” मी म्हटलं.

“शनिवारी काय आहे?”

आता आली का पंचाईत. शनिवारी काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण ते प्लांट हेडच्या केबिनमध्ये, एका इंजिनिअर बाईने, सरळ चेहऱ्याने कसं सांगायचं हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

मोबाइलवर मालिका दिसायला लागायच्या आधीची ही गोष्ट. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात मी असेंब्ली लाइनची मॅनेजर होते. आम्ही गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवायचो. गाडीचं बॉनेट उघडलं की काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली वायरींची जाडजूड जुडी दिसते ना, तीच. गाडीतली बाकीची बरीच कामं मशीन करतं, हे मात्र हातांनीच करावं लागतं. उभ्या फळीवर खुंट्या मारलेल्या असतात. त्या खुंट्यांमधून वायर न्यायची, टेप मारायची, टोकाला कनेक्टर बसवायचा. या फळ्यांना आम्ही बोर्ड म्हणतो. बोर्ड साखळीवर गोल फिरत राहतात आणि प्रत्येक जागेवर एकेक जण उभी असते. बोर्ड समोर आला की आपल्या वाटणीचं काम करायचं, तोवर तो पुढे सरकतो. माझ्या लाइनवर सगळ्या बायका होत्या.

सकाळच्या चहाला साखळी थांबायची. सुट्टी दहा मिनिटांची. पण माझ्या लाइनची साखळी रोज उशिरा सुरू व्हायची, आणि खुराना साहेबांना खुपत होतं ते हेच. अर्ध्या बायकांनी आधी चहा प्यायचा, अर्ध्यांनी नंतर, साखळी हळू का होईना पण चालू ठेवायची, असा त्यांचा हिशेब. कागदावर तो अगदी बिनचूक होता.

उशीर व्हायचा कमलेशमुळे. कमलेश टेस्टिंग बेंचवर बसायची. तयार हार्नेसमधून करंट नीट जातो की नाही ते तपासायचं तिचं काम. जवळच्याच गावातली, स्वतःचं घर, दारात म्हशी, आणि मुख्य म्हणजे घरात रंगीत टीव्ही आणि इन्व्हर्टर. लाइनवरच्या बाकीच्या बहुतेक जणी उत्तर प्रदेशातून नाहीतर बिहारमधून आलेल्या, एकेका खोलीत भाड्याने राहणाऱ्या. संध्याकाळी आठला त्यांच्याकडे एक तर वीज जायची, नाहीतर पाणी यायचं. आणि नेमकी आठलाच लागायची सुमेधाची मालिका.

म्हणून कमलेश रात्री मालिका बघायची आणि सकाळी चहाच्या शेडमध्ये सांगायची. सांगायची म्हणजे करूनच दाखवायची. डोक्यावर चुन्नी ओढली की सासू, चुन्नी कमरेला बांधली की नणंद, खिशात हात घातला की नवरा. ऐन रंगात आलं की थांबायची, चहाचा घोट घ्यायची आणि म्हणायची, “अब विज्ञापन.” बायका तिला शिव्या घालायच्या. मी या कारखान्यात आले त्याच्या आधीपासून हे चाललं होतं. सुमेधाचं लग्न लाइनवरच्या कितीतरी जणींच्या लग्नाआधी झालेलं.

ती मालिका त्या शुक्रवारी संपणार होती. शनिवारी कमलेश शेवटचा भाग सांगणार होती. हे मी शेवटी खुराना साहेबांना सांगून टाकलं.

त्यांनी फाइल बंद केली. मग म्हणाले, “मॅडम, प्रॉडक्शन प्लॅनमध्ये सीरियल कुठल्या कॉलममध्ये लिहितात?”

खरं कारण मी अजून सांगितलंच नव्हतं, आणि सांगणारही नव्हते. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांची मिसेससुद्धा ती मालिका बघते, घरी आठ वाजता पाणी मागायची सोय नसते, असं काहीतरी पुटपुटले. सोमवारपासून बॅच सुरू, आणि शनिवारी ते स्वतः घड्याळ घेऊन शेडमध्ये येणार, या अटीवर मला सवलत मिळाली.

खरं कारण होतं सविता.

सविता उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातली. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी, गुड्डी, अंगावर पीत होती. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि हिला कमवायला पाठवलं. जाऊबाईंना मूल नव्हतं, त्यांनी गुड्डीला मांडीवर घेतलं ते घेतलंच. सविता सुरुवातीला दर सणाला जायची. मग एकदा जाऊ फोनवर म्हणाली की आता ती मलाच आई म्हणते, तू आलीस तर ओळखायचीसुद्धा नाही. तेव्हापासून सविता गावी गेली नव्हती. रजेचा अर्ज द्यायची आणि दोन दिवसांनी येऊन परत घ्यायची. माझ्याकडे असे कितीतरी अर्ज येऊन गेले. कामात तिच्यासारखे हात लाइनवर दुसरे नव्हते.

आणि मालिकेनेही नेमकं तेच वळण घेतलं. सुमेधाची मुलगी नणंदेने वाढवली, सुमेधा तिला परत आणायला निघाली. ज्या दिवशी कमलेशने पहिल्यांदा हे सांगितलं त्या दिवशी सविता चहा अर्धा टाकून बोर्डापाशी जाऊन उभी राहिली. साखळी बंद होती, करायला काहीच नव्हतं, तरी उभी राहिली. पुढचे काही दिवस ती शेडकडे फिरकलीच नाही.

इथे माझ्या आईला मध्ये आणावं लागेल. आम्ही दिल्लीत करोल बागेत राहायचो. आई केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेली, आणि तीही सुमेधाची भक्त. मी घरी पोचले की जेवताना त्या संध्याकाळचा भाग मला ऐकावा लागायचा. त्यामुळे माझ्या वाट्याला सुमेधा दिवसातून दोनदा यायची, सकाळी हरियाणवी वळणाच्या हिंदीत आणि रात्री मराठीत. एरवी दोन्ही जुळायचं. पण हे मुलीचं प्रकरण सुरू झाल्यापासून जुळेना. कमलेश सांगायची, मुलगी खिडकीतून सुमेधाकडे बघत होती. आई सांगायची, मुलीने दार आपटलं. कमलेशची नणंद मऊ पडत चालली होती, आईची दिवसेंदिवस कजाग होत होती.

“आई, तुझा डोळा लागला असेल मध्येच,” मी एकदा म्हणाले.

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मंत्रालयात इतकी वर्षं नोट्स लिहिल्यात मी, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तूच बस आणि बघ.”

बसले आणि बघितलं. आईचं बरोबर होतं. कमलेश गोष्ट बदलत होती. सविता परत शेडमध्ये येऊन बसायला लागली होती ती त्यामुळेच. कोपऱ्यात, ग्लास दोन्ही हातांत धरून, पण पूर्ण वेळ.

तेव्हा मी कमलेशला काही बोलले नाही. मॅनेजरने कशाकशात पडायचं यालाही मर्यादा असते. पण मग सविताने नवा अर्ज दिला, सोमवारपासून आठवडाभर रजेचा. मी सही करायला पेन उचललं तर म्हणाली, आज नको, शनिवारी करा. सीरियल संपली की ठरवते.

मी तिला समजावलं. मुंबईत कुणीतरी खोलीत बसून हे लिहितं, लोक बघेनासे झाले तर गोष्ट फिरवतं, आवडलं तर लांबवतं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. “वो तो पता है, मैडम,” म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी शेवटचा भाग मी आईबरोबर बघितला. कोर्ट होतं. जज्जसाहेबांनी मुलीला विचारलं, कुणाकडे राहायचं. मुलीने नणंदेचा पदर धरला. सुमेधा हसली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटी पायऱ्या उतरून गेली. खूप मोठं संगीत वाजलं. नावं वर सरकली.

आईने उठून टीव्ही बंद केला आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल नीट घातला. म्हणाली, “इतकी वर्षं बघितली गं. काही नाही तर एकदा मागे वळून तरी बघायला लावायचं पोरीला.” मग म्हणाली, “उद्यापासून आठ वाजता मी काय करू?” मी तिचा हात धरून बसले. बाबा गेल्यावर त्या वेळेला घरात कुणीतरी बोलत असायचं ते याच मालिकेमुळे, हे मला तेव्हा लख्ख कळलं. पाठोपाठ आठवलं, उद्या शेडमध्ये कमलेशला हाच शेवट सांगायचा आहे.

शनिवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कमलेश माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

“आपने देखा, मैडम जी?”

मी मान डोलावली.

“सच बताऊँ तो सविता कभी गाँव ना जावै। झूठ बताऊँ कि लड़की दौड़ के गले लग गई, और उधर गुड्डी ने मुँह फेर लिया, तो वो मर जागी। बताओ, के करूँ?”

लाइन बंद पडली तर काय करायचं ते मला सांगता आलं असतं. बोर्ड बदला, माणूस बदला, मेंटेनन्सला बोलवा. इथे मला काहीच सुचेना. मी तेच सांगितलं. कमलेशने चुन्नीने तोंड पुसलं आणि बेंचवर जाऊन बसली. चहापर्यंत तिने एकाही पीसवर चुकीचा शिक्का मारला नाही, हे मी मुद्दाम बघत होते.

चहाच्या शेडमध्ये त्या दिवशी लग्नघर होतं. कुणी हलवा आणलेला, कुणी खारी खुसखुशीत मठरी. बायकांनी सुमेधासाठी कडं विणलं होतं. आमच्या लाइनवर एक रीत होती. एखादी मुलगी लग्न होऊन लाइन सोडून चालली की कापून उरलेल्या रंगीत वायरींचं कडं विणून तिच्या हातात घालायचं. लाल, पिवळ्या, हिरव्या, प्रत्येकीच्या जागेवरचा एक तुकडा. सुमेधाही आता चालली होती, म्हणून तिलाही कडं. ते द्यायचं कुणाला, हा विचार कुणी केलेला नव्हता.

खुराना साहेब घड्याळ घेऊन खांबापाशी उभे राहिले. सविता आपल्या कोपऱ्यात. कमलेशने चुन्नी ना डोक्यावर घेतली, ना कमरेला बांधली. नुसती उभी राहिली आणि सांगायला लागली.

कोर्टापर्यंत सगळं जसं होतं तसं सांगितलं. जज्जने विचारलं. मुलीने आत्याचा पदर धरला. इथे खुराना साहेबांनी हलकेच मान डोलावली. म्हणजे मिसेसबरोबर त्यांनीही बघितलं होतं. सविता खाली बघत होती.

“फिर सुमेधा ने क्या किया,” कमलेश म्हणाली, “कुछ नहीं किया। बोली नहीं कि मैं तेरी माँ हूँ। हाथ भी नहीं पकड़ा। बाहर बेंच पे जा के बैठ गई, और डिब्बा खोल लिया। पराँठा था, गुड़ था। खाने लगी। लड़की दूर से देखती रही। बच्चा है, देखेगा ही। सुमेधा ने उसकी तरफ़ देखा तक नहीं, बस गुड़ का एक टुकड़ा बेंच पे अलग रख दिया।”

थांबली. कुणीतरी विचारलं, मग?

“फिर लड़की दो क़दम आई। बस। इतना ही दिखाया।”

खुराना साहेबांनी तोंड उघडलं. हा माणूस चुकीचा आकडा ऐकून कधी गप्प बसला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली, नाही अशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कमलेशकडे, मग कोपऱ्यातल्या सविताकडे. तोंड मिटलं. घड्याळ खिशात टाकलं आणि हलव्याचा एक द्रोण घेतला.

बायका रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना मठरी भरवत होत्या. इतक्या वर्षांच्या घरच्या माणसाला निरोप द्यायचा तो असाच. कडं कुणाला द्यायचं यावर थोडा गोंधळ झाला. कमलेशच्या हातात घालायला गेल्या तर तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, जो सफ़र पे जा रहा है उसको दो. सविता नको नको म्हणत होती, तोवर कडं तिच्या मनगटात गेलं सुद्धा. साखळी त्या दिवशी कधी सुरू झाली ते साहेबांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शिफ्ट संपल्यावर सविता रजेचा अर्ज घेऊन आली. मी सही केली, पण मला राहवेना. मी जपून म्हणाले की सविता, गोष्ट ती गोष्ट असते. गुड्डी लगेच जवळ येईलच असं धरून चालू नकोस.

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. “मैडम, देखा तो मैंने भी था। मकान मालिक के यहाँ।”

मी सही केलेला अर्ज तिच्यापुढे सरकवला.

“टीवी वालों को मेरी गुड्डी का क्या पता,” ती म्हणाली. “कमलेश दीदी को पता है।”

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की शेवटचा भाग जवळपास सगळ्या जणींनी कुठे ना कुठे बघितला होता. गेले कित्येक महिने बऱ्याच जणी बघत होत्या. कुणाच्या खोलीत टीव्ही आला होता, कुणी शेजारी जात होती. सकाळी मात्र सगळ्या कमलेशसमोर कोऱ्या पाटीने बसायच्या आणि योग्य जागी “हाय राम” म्हणायच्या. साऱ्या लाइनने तोंडात मूग धरले होते, आणि मला वाटत होतं की गुपित फक्त मला ठाऊक आहे.

गेटवर एक छोटी अडचण आली. आमच्याकडे वायरीतल्या तांब्याचा तुकडासुद्धा गेटबाहेर न्यायला बंदी. गार्डने सविताचं कडं बघितलं आणि मला फोन केला. गेटपासशिवाय सोडणार नाही म्हणाला, आणि नियमाने त्याचं बरोबरच होतं. मी गेटपास बनवला. माल कोणता: कडं, नग एक. गार्डने विचारलं, माल परत येणारा की न येणारा? पासवर तसा रकाना असतो. मी काही बोलायच्या आत सविता म्हणाली, “आने वाला लिखो भैया, नौकरी थोड़े ही छोड़ रही हूँ।”

सोमवारपासून चहा दोन बॅचमध्ये सुरू झाला. वेळेवर संपायला लागला. पण अर्ध्या हातांनी फिरत्या बोर्डांवर काम करायचं म्हणजे प्रत्येकीला दोघींची कामं. कनेक्टर अर्धवट बसायला लागले, कमलेशच्या बेंचवरून परत येणाऱ्या पीसचा ढीग वाढला. आठवडा संपायच्या आत खुराना साहेबांनीच फर्मान काढलं की चहा पूर्वीसारखा एकत्र. कारण लिहिलं, “क्वालिटी इम्प्रूव्हमेंट”.

सविता रजेवरून एकटीच परत आली. चहाला सगळ्या तिच्याभोवती जमल्या. तिला कमलेशसारखं सांगता येत नव्हतं. सासू होऊन दाखवता येत नव्हतं, मध्येच विज्ञापन करता येत नव्हतं. म्हणाली, ओसरीत बसले. डबा उघडला. पहिल्या दिवशी गुड्डी आली नाही. दुसऱ्या दिवशी लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी गूळ उचलून पळाली. मी निघताना तिने विचारलं, आंटी, फिर कब आओगी?

आंटी, हा शब्द सविताने दोनदा सांगितला. कमलेशने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाली, बाक़ी कल.

मग ते तसंच चालू झालं. सविता दर थोड्या महिन्यांनी गावी जायची आणि आली की पुढचा भाग सांगायची. गूळ घेतला, शेजारी बसली, वेणी घालू दिली. जाऊबाईंचाही भाग असायचा. त्या काही कजाग नव्हत्या, घाबरलेल्या होत्या, एवढंच. शेवटी शाळेचं निमित्त काढून दोघी जावांनी मिळून ठरवलं आणि गुड्डी मानेसरला आली. येताना बसमध्ये सगळी वाट मोठ्या आईसाठी, म्हणजे जाऊबाईंसाठी रडली. आल्यावरही आंटीच म्हणायची. लाइनवरची प्रत्येक बाई रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, “बोली क्या?”, आणि सविता नुसती नकाराची मान हलवायची.

एक दिवस चहाला सविता आली, ग्लास घेतला आणि प्यायचंच विसरली. कमलेशने विचारलं, के हुआ?

“माँ बोली,” सविता म्हणाली. “नींद में बोली। पर बोली।”

त्या दिवशी साखळी भलतीच उशिरा सुरू झाली. लाइन का थांबली ते आम्हाला शिफ्टच्या शेवटी रिपोर्टमध्ये भरावं लागतं. मशीन, मटेरियल, मनुष्यबळ आणि इतर, असे चार रकाने असतात. मी सगळा वेळ “इतर”मध्ये टाकला आणि रिपोर्ट खुराना साहेबांपुढे ठेवला. त्यांनी आकडा बघितला, सही केली आणि विचारलं, “बोली क्या?”